मास्तरांचा एक्केचाळिसावा दिवस

“ज्याला गणित येतं, त्याला मधमाशी काय चीज आहे!” निवृत्त गणितमास्तरांनी शेजारच्या तिन्ही मधपाळांना ठणकावून सांगितलं.

बायकोला जाऊन चार महिने झाले होते. गच्चीवरची तिची मधपेटी तेवढी मागे उरली होती आणि ती जगवायचीच, असं मास्तरांनी ठरवलं होतं. शत्रू म्हणजे माइट, गोचिडीची चुलत बहीण! अळीच्या घरावर मेणाचं झाकण बसायच्या आत शिरते, झाकणाआड पिल्लं घालते आणि नव्या माशीच्या पाठीवर बसून आख्ख्या कुटुंबासह बाहेर पडते. भाडं न देणारा भाडेकरू!

पेटीखालच्या तक्त्यावर किती माइट पडल्या, ते बायकोने वहीत लिहून ठेवलं होतं. मास्तरांनी ते आकडे संगणकात भरले आणि मॉडेल तयार केलं. आलेख जिन्यासारखा चढला. एक्केचाळिसाव्या दिवशी पेटीत माशा शून्य! पन्नासाव्या दिवशी गल्लीतल्या सगळ्याच पेट्यांत शून्य!

“पोळ्याच्या झाकण बसलेल्या सगळ्या चौकटी काढा! फ्रीजरमध्ये टाका, माइट आतच गारठून मरतील!”

मास्तरांचा दरारा मोठा. तिघांनी निमूटपणे चौकटी काढल्या. मास्तरांनीही बायकोच्या पेटीतल्या चारही काढल्या. डंखांनी हात सुजून पुरीसारखे झाले.

दुसऱ्या दिवशी मेव्हणी आली. तीही मधपाळ. बर्फासाठी फ्रीजर उघडला आणि किंचाळलीच.

“भावजी, हे काय केलंत?”

“मॉडेल सांगतंय. हे बघ, रोज चौदा, सोळा, एकोणीस...”

“रोज कुठलं! ताई फक्त रविवारी तक्ता काढायची. हे आठवड्याचे आकडे आहेत. दिवसाला दोन-तीन माइट कुठल्याही धडधाकट पेटीत पडतात!”

मास्तरांनी वहीची पानं उलटली. “वहीत तारखा नव्हत्या गं.”

“तिला कशाला लागतील तारखा?”

दोघं गच्चीवर गेले. मेव्हणीने पेटी उघडून बराच वेळ पाहिलं. “राणी आहे. अंडी घालतेय. जगेल पेटी, पण सावरायला दोन महिने लागतील. आणि त्या तिघांना तुम्ही सांगायचं, मी नाही!”

“सांगतो.”

“पण भावजी, वीस वर्षं दर रविवारी सकाळी ती तासभर इथं असायची. तुम्हाला काय वाटायचं, काय करते?”

“कपडे वाळत घालते.”

“तासभर?”

मास्तरांनी सुजलेले हात पाठीमागे लपवले.

“चहाला उशीर झाला म्हणून मी खालून हाका मारायचो,” ते म्हणाले.