जुन्या सर्व्हरची कार्यमुक्ती

वनमालाला त्या दिवशी कायम व्हायचं होतं. वडवणीजवळच्या साखर कारखान्यात ती सहा वर्षं हंगामी टेलिफोन ऑपरेटर होती. वायरलेस फोनचा नवा सर्व्हर बसवून चार वाजता आपण बीडहून केलेला फोन प्रत्येक खात्यात लागला, तर लगेच ऑर्डर, असा चेअरमननी शब्द दिला होता.

सर्व्हरच्या कंपनीच्या माणसाने मोबाइलवरून बजावलं होतं, "आधी नवा जोडा. जुन्यातले सगळे हँडसेट नव्यात येऊ द्या. मगच जुना काढा."

हे ऑफिस सुपरिंटेंडेंट रामप्रसादांना पटणं शक्यच नव्हतं. त्यांची हयात बदल्यांचे कागद करण्यात गेली होती.

"एका खुर्चीवर दोघं बसतेत का? आधी जुना कार्यमुक्त, मग नवा रुजू!"

"सर, मशीन हाय ती."

"असू दे. उद्या ऑडिटनं विचारलं, एका पदावर दोघं कावून, तर तू उत्तर देशील का?"

वायरमन बंकटने जुन्या डब्याची वायर उपसली. रामप्रसादांनी आदेशावर सही ठोकली, डब्याला हार घातला आणि त्याची रवानगी भांडारात केली. भांडारपाल कुलूप लावून केजला लग्नाला निघून गेला.

नव्या डब्यावर हिरवे दिवे लागले, पण कारखान्यातले सगळे फोन मुके झाले.

"अहो, हँडसेटची यादी जुन्यात होती," कंपनीचा माणूस मोबाइलवरून ओरडला. "आता नव्याला कोण ओळखतंय?"

"म्हंजे चार्जच दिला न्हाई!" रामप्रसादांनी कपाळावर हात मारला. डबा गेल्याचं त्यांना काही नव्हतं. चार्ज-यादी राहिली, हे मात्र त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

पावणेचारपर्यंत खटपट करून बंकटने कसाबसा वनमालाचा एक हँडसेट जोडला. आता कोणताही नंबर फिरवला तरी वाजणार तो तिच्याच टेबलावर. चार वाजले आणि तो वाजला. पडद्यावर चेअरमननी फिरवलेल्या खात्याचं नाव आलं, 'वजनकाटा'.

"सर, तुमी काटा व्हा!" वनमालाने फोन त्यांच्या हातात कोंबला.

"हॅलो, काटा बोलतोय. म्हंजे, काट्यावरून."

मग बॉयलर वाजला, तो बंकटने घेतला. लेखा विभाग वनमालाने घेतला. शेती खात्यासाठी रामप्रसाद नाक दाबून बोलले. पुन्हा घंटी झाली. बंकट म्हणाला, "बॉयलर..."

"अबे, आता तू गोडाऊन हायस!" रामप्रसाद कुजबुजले.

शेवटी ऑपरेटरचा नंबर वाजला. चेअरमन भलतेच खूश होते.

"सगळी खाती पहिल्याच घंटीला! मग मधी ऑपरेटर कशाला पाहिजे? ते पदच काढून टाकतो. पर एकट्यानं ठरवणार न्हाई, खात्याखात्याला विचारतो."

वनमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं करून ती स्वतःच्याच नोकरीच्या मुळावर उठली होती. तेवढ्यात फोन वाजला. वजनकाटा. रामप्रसादांनी तिच्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठांच्या मताविरुद्ध बोलले.

"ऑपरेटर पाहिजेच, साहेब."

"तिच्याबिगर आमचं पानबी हालत न्हाई," बॉयलर म्हणाला. गोडाऊनने त्याला दुजोरा दिला. लेखा विभागाने हुंदका आवरत होकार दिला. शेती खात्याने तर नाक दाबूनच पगारवाढ सुचवली.

संध्याकाळी ऑर्डर आली. त्यावर चेअरमनचा शेरा होता, 'सर्व खात्यांच्या एकमताने.' कारखाना निघाल्यापासून तिथे सगळ्या खात्यांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ होती.