तिसऱ्या गाळ्याचा रंग

नदीवरच्या जुन्या लोखंडी पुलाला रंग देण्यासाठी नगरपालिकेने एक कायमस्वरूपी रंगारी नेमला होता. पूर्वेच्या टोकापासून रंगवत निघाले की पश्चिमेच्या टोकाला पोहोचायला त्याला अकरा महिने लागत. तोवर पूर्वेकडचा रंग उडालेला असे. मग महिनाभर नव्या रंगाच्या मंजुरीची वाट बघायची आणि पुन्हा पूर्वेकडून सुरुवात करायची, असे एकतीस वर्षे चालले होते. शहरात वेळेवर होणारे काम एवढे एकच, असे म्हटले तर कोणी रागावणार नाही. खात्यात सगळे त्याला काका म्हणत, तेव्हा आपणही म्हणू.

एका सोमवारी काका तिसऱ्या गाळ्याखाली, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या खांबाच्या मधल्या भागात, दोरखंडाच्या पाळण्यात बसून जुना रंग खरवडत होते. खरवडता खरवडता हातातली पट्टी मुठीपर्यंत तुळईच्या आत गेली. काकांनी भोकाला डोळा लावला. आत लोखंड नव्हते. ते गंजून कधीच नदीला मिळाले होते. उरला होता तो फक्त रंग, काकांचे आणि त्यांच्या आधीच्या रंगाऱ्यांचे एकावर एक चढलेले हात, अगदी तुळईच्या आकाराचे.

आधी काकांना अभिमान वाटला, कारण हात छान बसले होते. मग मुलगी आठवली. त्यांची मुलगी पलीकडच्या इस्पितळात नर्स होती आणि रोज दोनदा याच गाळ्यावरून चालत जात होती.

तसेच रंगाने माखलेल्या हातांनी ते उपअभियंत्यांपुढे जाऊन उभे राहिले.

"साहेब, तिसऱ्या गाळ्यात लोखंड नाही."

"मग काय आहे?"

"मी दिलेला रंग."

साहेबांनी पेन खाली ठेवले. "खरवडलंत कशाला, काका?"

"नियमच आहे ना, साहेब. आधी खरवडायचं, मग रंगवायचं."

"अहो, खरवडायचं म्हणजे वरवर! इतकी वर्षं वरवरच खरवडलंत ना? काही बिघडलं का? झाकली मूठ होती, काका. खाजवून खरूज काढलीत तुम्ही!"

"पूल बंद करा, साहेब."

"ते माझ्या अखत्यारीत नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी काकांची तक्रार लिहून तो कागद समितीकडे पाठवला. चुकून नव्हे, शिरस्त्याप्रमाणे तो दोन समित्यांकडे गेला.

या पुलासाठी नऊ वर्षांपासून दोन समित्या काम करत होत्या. पूल पाडून नवा बांधावा, यासाठी पुनर्बांधणी समिती आणि आहे तसाच जपावा, यासाठी वारसा जतन समिती. दोन्हींत अकरा-अकरा सदस्य होते आणि जाणकार मंडळी शहरात मोजकीच असल्याने त्यांतले नऊ तेच होते. एका मंगळवारी हे नऊजण पूल पाडण्याचा ठराव करत. पुढच्या मंगळवारी त्याच दालनात, त्याच खुर्च्यांवर बसून त्या ठरावाचा तीव्र निषेध करत आणि त्याच्या पुढच्या मंगळवारी त्या निषेधाला सडेतोड लेखी उत्तर देत. स्वतःशी इतक्या सभ्यपणे भांडणारी माणसे क्वचितच सापडतात. तोवर घोंगडे भिजत पडले होते.

काकांच्या कागदामुळे पहिल्यांदाच संयुक्त बैठक बोलवावी लागली. दालनात फक्त दोन खुर्च्या वाढवल्या. काकांनी रुमालात गुंडाळून आणलेला रंगाचा तुकडा टेबलावर ठेवला.

"बघा!" पुनर्बांधणीचे चिटणीस आनंदाने ओरडले. "पूल मेलेला आहे, हे आम्ही नऊ वर्षं सांगतोय."

वारसा जतनच्या चिटणीसबाईंनी तुकडा भिंगाखाली धरला. "निव्वळ रंगाचा बनलेला पूल! जगात दुसरा नसेल. याला कोणी बोट लावलं, तर गाठ माझ्याशी आहे."

"ते तुम्ही सावकाश ठरवा," काका म्हणाले. "पण तोवर पूल बंद करा. माणसं जातायत हो वरून."



"बंद?" पुनर्बांधणीचे चिटणीस म्हणाले. "आणि बंद करून लोकांचं काहीच अडलं नाही, तर नव्या पुलाची गरज कशी सिद्ध करायची आम्ही?"

"वापरात नाही म्हटलं की पाडायला हे मोकळे," चिटणीसबाई म्हणाल्या. "मुळीच बंद करायचा नाही."

दोन्ही समित्यांचे एकमत झाले! नऊ वर्षांत असे प्रथमच घडत होते. सदस्यांनी बाके वाजवली, एकदोघांचे डोळे पाणावले. पूल चालू ठेवण्याचा ठराव तिथल्या तिथे मंजूर झाला. सुरक्षिततेचा विचार केला नाही, असे उद्या कोणी म्हणू नये, म्हणून अध्यक्षांनी लगेच दुसरा ठराव मांडला. ज्याअर्थी तिसरा गाळा रंगावर उभा आहे, त्याअर्थी रंग हा पुलाचा भार वाहणारा घटक समजण्यात यावा. रंगाऱ्याचे पदनाम यापुढे 'भारवाहक रंगारी' असे करण्यात यावे. आणि पुलास काही झाल्यास जबाबदारी संबंधित भारवाहकाची राहील.

आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत झाली. काका रात्रभर तळमळले आणि सकाळी पूर्वेच्या टोकाला आडवी दोरी बांधून स्टुलावर बसले. शेजारी त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती : 'पूल बंद. खाली लोखंड नाही.'

पहिले आले ते निवृत्त प्राध्यापक, छातीवर 'पूल वाचवा'चा बिल्ला. त्यांनी पाटी दोनदा वाचली. "वा! कुणाला तरी पुलाची काळजी आहे," म्हणत ते दोरीखालून वाकून पलीकडे गेले.

"अहो, पडेल तो!"

"पडायचा असता तर इतक्या वर्षांत पडला नसता?"

नव्या पुलासाठी सह्या गोळा करणाऱ्या बाई आल्या. "माणसं मरायची वाट बघतायत मेले," असे संतापून म्हणत, हातातले कागद सांभाळत त्याही वाकल्या. मोटारवाले खाली उतरून दोरी सोडत, गाडी पुढे काढत आणि पुन्हा नीट गाठ मारून जात. कायदा पाळणारी माणसे होती. दोरीपाशी येऊन मागे वळली ती एकच गाडी, उपअभियंत्यांची. चालक नवा असल्याने रस्ता चुकला होता. साहेब सोमवारपासून लांबच्या पुलानेच जात होते.

मग मुलगी आली.

"बाबा, काय हे? उठा. उशीर होतोय मला."

"लांबच्या पुलानं जा, बाळा."

"चाळीस मिनिटं जातात त्यात. रात्रपाळीची मुलगी ताटकळत बसलीये तिकडे. मी गेल्याशिवाय तिला हलता येत नाही."

"बसू दे. तुझ्या जिवापेक्षा जास्त आहे का ते?"

"एवढी माणसं गेली समोरून. झालं का कुणाला काही?"

काकांकडे उत्तर होते. 'अजून' हा एकच शब्द. पण पोटच्या पोरीसमोर तो त्यांच्या तोंडून बाहेर पडेना. तिने त्यांच्या खांद्यावर हात टेकवला, वाकली आणि निघाली. "वेळेवर जेवून घ्या," ती जाता जाता म्हणाली.

काका उठले. रंगाचा डबा घेऊन धावतच पुलाखाली उतरले आणि पाळण्यात चढून त्यांनी तिसऱ्या गाळ्याच्या तुळईला खांदा लावला. वरून ओळखीची पावले गेली. मग त्यांनी श्वास सोडला.

तेव्हापासून मुलीच्या जायच्या आणि यायच्या वेळेला ते रोज तिथे असतात. एका माणसाच्या खांद्यावर पूल तोलत नाही, हे त्यांना कळते. पण पद भारवाहकाचे आहे आणि मुलगी त्यांची आहे.

वरून जाणारे एकमेकांना सांगतात, "बघा, इतके दिवस झाले, काही झालं का? उगाच घाबरवतात." हे वाक्य तुम्हीही कधीतरी म्हणाला असालच. दोरीखालून जाताना तुम्ही अगदी व्यवस्थित वाकला होतात. अजून वीतभर वाकला असतात, तर खाली उभा असलेला माणूस दिसला असता.