इंग्रजीची सम

परीक्षित मुळे स्वयंपाकघराच्या ओट्यावर बोटं आपटत होता. "दिस मशीन... क्लीन्स युअर... ग्रेन! दिस मशीन... क्लीन्स युअर... ग्रेन!" त्याची बायको योगिनी पोळी लाटायची थांबली.

"काय झालंय तुला?"

"रिदम," परीक्षित म्हणाला. "ऑनलाइन क्लासच्या मॅडम म्हणतात, माझं इंग्रजी फार सपाट आहे. महत्त्वाच्या शब्दावर ठोका द्यायचा, बाकीचे शब्द गिळायचे."

"मग बाहेर टेबलावर दे ठोके. पीठ सांडतंय इथे."

आता यात बिचाऱ्याचं काय चुकत होतं, सांगा! करोंदच्या धान्यमंडीजवळ धान्य सफाईची यंत्रं बनवणारा एक कारखाना आहे, तिथे तो सेल्समध्ये होता. मागच्या वर्षी त्याने परदेशी पाहुण्यांसमोर प्रेझेंटेशन दिलं तेव्हा दोन माणसं चक्क पेंगली, आणि त्यातला एक त्याच्याच कंपनीचा होता. आता केनियाहून पाहुणे येणार होते. एक्सपोर्ट विभागाच्या मॅनेजरची खुर्ची रिकामी होती आणि चतुर्वेदी साहेबांनी स्पष्टच सांगून टाकलं होतं, की पाहुणे ज्याच्यावर खूष, खुर्ची त्याची. दुसरा उमेदवार निखिल. निखिल इंग्रजी बोलायला लागला की परीक्षितला आपण आजवर नुसतेच खोकत होतो की काय असं वाटायचं. ही खुर्ची त्याला हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

बाहेरच्या खोलीत परीक्षितचे वडील, यशवंतराव, पेपर वाचत होते. मूळचे ग्वाल्हेरचे. नोकरीत जन्मभर यंत्रं दुरुस्त केली आणि संध्याकाळी तबला वाजवला. कुठलीही गोष्ट उघडून आत बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. घरातला मिक्सर त्यामुळेच गेला होता.

"अरे, हे ठोके सारख्या अंतरावरच पडायला पाहिजेत का?" त्यांनी चष्मा वर करून विचारलं.

"हो बाबा."

"आणि मधे शब्द जास्त आले तर?"

"ते घाईत उरकायचे. ठोका हलता कामा नये."

"आणि शेवटी आवाज खाली येतो?"

"वाक्य संपलं की खाली. प्रश्न असला की वर. पण 'व्हाय'ने सुरू होणारा प्रश्न असला तर पुन्हा खाली."

"का?"

"ते मला नाही माहीत."

"विचार की मॅडमना! एवढी फी भरतोस ना!" यशवंतरावांनी पेपर बाजूला टाकला. "आणि काय रे, हा तर सरळसरळ केरवा आहे! थांब, तबला काढतो."

परीक्षित 'नको नको' म्हणेपर्यंत तबल्याची हातोडी सापडली होती.

खरं सांगायचं तर झालं छानच. तबल्याचा ठेका मिळाल्यावर परीक्षितचं इंग्रजी असं काही चालायला लागलं की योगिनीसुद्धा दारात येऊन उभी राहिली. "दिस मशीन क्लीन्स युअर ग्रेन" हा यशवंतरावांनी मुखडा ठरवला. 'ग्रेन'वर सम. मुद्दा संपला की मुखड्यावर यायचं, मग पुढचा मुद्दा. खालच्या मजल्यावरच्या कमलिनीकाकू जिना चढून वर आल्या.

"कुठला राग चाललाय हो, भाऊजी?"

"एक्सपोर्ट," यशवंतराव म्हणाले आणि ठेका चालू ठेवला. साऱ्या नेहरू नगरात कुतूहल पसरलं.

घोटाळा उघडकीला आला तो पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी. तालीम रंगात आली होती, आणि योगिनीने विचारलं, "चहा टाकू?"

परीक्षित थांबला. त्याने हात हलवून "टाक" म्हटलं, तोंड उघडलं आणि म्हणाला, "दिस मशीन क्लीन्स युअर ग्रेन!"

"अरे, तू विजेच्या खर्चावर होतास. तिथूनच पुढे बोल ना."

"येत नाहीये."

"म्हणजे?"

"मधूनच येत नाहीये, योगिनी! मुखड्यावरून आलं तरच येतंय!" तो वडिलांकडे वळला. "बाबा, उद्या कोणी मधे प्रश्न विचारला तर?"

"चालू मैफिलीत मधे कोण बोलतं?" यशवंतराव म्हणाले. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी कॉन्फरन्स रूममध्ये परीक्षितने टेबलाखाली मांडीवर ठेका धरला आणि सुरुवात केली. पाहुणे सरसावून बसले. पाहुण्यांच्या प्रमुख एक उंच, हसतमुख बाई होत्या. त्यांनी मधेच हात वर करून विचारलं, यंत्राला वीज किती लागते? उत्तर परीक्षितला तोंडपाठ होतं, पण तिथवर जायचा रस्ता एकच होता. त्याने घाम पुसला आणि मुखड्यापासून निघाला. विजेपर्यंत पोचला, सगळं नीट सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि सुट्या भागांबद्दल विचारलं. झालं! पुन्हा मुखडा.

चतुर्वेदी साहेबांनी कपाळावर हात ठेवला. निखिल गालातल्या गालात हसत होता. गेली खुर्ची, परीक्षितला वाटलं. रडू यायच्या बेतात होतं, पण रडायचं तर तेही सम गाठूनच जमलं असतं.

पुढच्या प्रश्नानंतर मात्र एका पाहुण्याची पेन्सिल टेबलावर वाजायला लागली. मग दुसऱ्याची. आणि परीक्षित मुखड्यावर आला तेव्हा सगळे पाहुणे एका आवाजात म्हणाले, "ग्रेन!"

त्यानंतर निखिल बोलला. फार सुंदर बोलला. पाहुण्यांनी अदबीने ऐकून घेतलं आणि बाईंनी परीक्षितकडे बोट दाखवून साहेबांना विचारलं, "तुमच्या कंपनीत सगळे असंच बोलतात का?"

ही तक्रार की कौतुक, साहेबांना कळेना. अशा वेळी साहेब लोक 'हो' म्हणतात, तसे तेही म्हणाले, "येस मॅडम. कंपनी स्टाइल."

"छान! पुढच्या महिन्यात आमचे चेअरमन येतील. सगळ्यांनी त्यांना असंच समजावून सांगा. मग सही करू."

पाहुणे गेल्यावर परीक्षितने हळूच विचारलं, "सर, वो एक्सपोर्ट की पोस्ट का..."

"पहले ऑर्डर, फिर पोस्ट," साहेब खेकसले. "ये सिखाया किसने तुमको?"

त्याच संध्याकाळी मुळ्यांच्या घरात सतरंजी अंथरली गेली. सगळा सेल्स विभाग मांडी घालून बसला, कोटासकट साहेब सर्वांत पुढे. यशवंतरावांचा आनंद नुसता ओसंडत होता. टाळी कुठे द्यायची, खाली, म्हणजे बिनटाळीची मात्रा, आली की हात कसा नुसता बाजूला न्यायचा, सगळं त्यांनी दाखवलं.

"तुझं इंग्रजी फार गोड आहे रे," ते निखिलला म्हणाले, "पण तू साफ बेताल आहेस. मागे बस."

निखिल निमूटपणे कमलिनीकाकूंच्या शेजारी जाऊन बसला. मग यशवंतराव वळले ते थेट साहेबांकडे.

"साहब, आप खाली पे ताली दे रहे हो."

"मैं?"

"शुरू से."

परीक्षितने वडिलांचा सदरा ओढला. "बाबा!" त्याचं सगळं भवितव्य समोर सतरंजीवर बसलं होतं, आणि बाबा त्याला नापास करत होते.

"बाबा काय बाबा? चुकलं तर चुकलं. फिर से, साहब. गुड मॉर्निंग से."

साहेबांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. त्यांनी स्वतःच्या तळहातांकडे बराच वेळ निरखून बघितलं, मग कोट काढला, घडी करून बाजूला ठेवला आणि बाह्या वर सारल्या.

"परीक्षित," ते म्हणाले, "एक्सपोर्ट कल से तुम संभालो. मुझे यहाँ टाइम लगेगा."