मौन कोणी सोडायचं?

निवृत्त स्टोअरकीपरांकडे कपाटाची एक किल्ली राहून गेली होती. तिच्यासाठी हेडक्लार्क सकाळपासून त्यांना फोन लावत होते, आणि तो दर वेळी वाजून वाजून बंद पडत होता.

"उचलत नाहीत," ते शेवटी म्हणाले.

"मध्यंतरी बरं नव्हतं म्हणे त्यांना," कॅशियर म्हणाले. टायपिस्टबाईंनी चष्मा काढून सुस्कारा सोडला. तो त्यांच्या मुलाच्या निकालाबद्दल होता, पण त्याने सगळी खोली गप्प झाली. नेमके तेव्हाच साहेब आत आले आणि उतरलेले चेहरे बघून दारातच थबकले. विषय कोणाचा, असं त्यांनी विचारलं. हेडक्लार्कनी स्टोअरकीपरांचं नाव घेतलं.

"अरेरे. गेले?"

साहेबांना 'नाही' म्हणायची त्या ऑफिसात पद्धत नव्हती. शिवाय हेडक्लार्कना वाटलं, साहेबांना वरून कळलं असेल. आणि बाकीच्यांना वाटलं, हेडक्लार्कना फोनवर कळलं असेल. साहेबांनी सगळ्यांना उभं केलं आणि दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितलं.

आवक-जावक सांभाळणाऱ्या नव्या बाई स्टोअरकीपरांच्या शेजारी राहत. सकाळीच काकांनी गच्चीवरून "छत्री घेतलीस का गं?" म्हणून विचारलं होतं. बाईंनी बोलायला तोंड उघडलंही. पण त्यांना कायम करायचं की घरी पाठवायचं, हे साहेब आज दुपारी ठरवणार होते. त्यात टायपिस्टबाईंच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. एवढी माणसं चुकतील कशी? छत्रीचं विचारल्यावरही माणूस जाऊ शकतो. बाईंनी तोंड मिटलं आणि मान खाली घातली.

दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली. मौन साहेबांनी सुरू केलं तेव्हा तेच संपवतील, अशी हेडक्लार्कची समजूत. घड्याळ हेडक्लार्कच्या मनगटावर, तेव्हा ते खुणावतील, अशी साहेबांची. कॅशियरनी एक डोळा उघडून पाहिलं, सगळे बुडालेले दिसले, म्हणून ओशाळून मिटून घेतला. टेबलावरचा फोन वाजला. तो दुसरं कोणीतरी उचलेल म्हणून वाजतच राहिला. खिडकीपाशी कामाला आलेली माणसंही पिशव्या खाली ठेवून उभी राहिली.

तेवढ्यात किल्ली घेऊन स्टोअरकीपर आले. आंघोळीत असताना येऊन गेलेले फोन पाहून ते तडक निघाले होते. समोरचं दृश्य बघताच त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि रांगेच्या टोकाला उभे राहिले. जुना, शिस्तीचा माणूस. पुरेसा वेळ झाल्यावर शेवटी त्यांनीच घसा खाकरला, आणि मौन सुटलं.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "कोण?"

साहेबांनी हेडक्लार्ककडे पाहिलं, हेडक्लार्कनी कॅशियरकडे, कॅशियरनी टायपिस्टबाईंकडे, टायपिस्टबाईंनी नव्या बाईंकडे. सर्वांत नवीन बाईच होत्या.

"काका... तुम्ही."

काका हसायच्या बेतात होते. मग त्यांनी एकेक चेहरा पाहिला. कोणीच हसत नव्हतं. ते हळूच खुर्चीवर टेकले.

"कधी?"

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी गंभीरपणे मान हलवली.

"सकाळीच," बाई म्हणाल्या. "तुम्ही गच्चीवरून आत गेल्यावर."

"मग ही आता इथेच राहू दे," म्हणत काकांनी किल्ली टेबलावर ठेवली.

दुपारी बाई कायम झाल्या.