चिठ्ठी कोन्या घरची?

आमच्या राजापेठेतल्या ऑफिसात सुधाकरला "गणेश आलाय" एवढं सांगून भागत नाही. "कोन्या घरचा गनेश?" असं विचारल्याशिवाय तो मान वर करत नाही. एकदा साहेबांनी पाटलांना फोन लावायला सांगितलं, तर हा तासभर नुसता बसून. म्हणे, "आपल्याजवळ नऊ पाटील हायेत. गाव सांगतल्याशिवाय बोट कोनावर ठिवू?"

ही खोड मी सोसली असती. पण तो माझ्यापेक्षा हुशार होता आणि ते त्याच्या गावीही नव्हतं, हे मात्र मला सोसत नव्हतं.

अकोल्याच्या एका दालमिलची एक्सएमएल फाइल आली होती, म्हणजे प्रत्येक माहितीला नावाची खूण लावलेली. त्यातल्या मालाच्या चिठ्ठ्या एक्सपाथनं, म्हणजे त्या नावानं हाक मारून, शोधून काढायच्या होत्या. जो काढेल तो अकोल्याच्या कामाचा प्रमुख, असं साहेब बोलून बसले होते. मी तर बायकोला सांगूनही टाकलं होतं! तीन दिवस 'चिठ्ठी, चिठ्ठी' करत डोकं फोडलं. फाइलीत चिठ्ठ्या ढीगभर दिसायच्या, एक्सपाथला एक सापडेना. चूकही दाखवत नव्हता मेला, नुसतं रिकामं उत्तर.

सुधाकर डबा धुऊन येताना माझ्या मागे थांबला. "हे चिठ्ठी कोन्या घरची?"

"चिठ्ठीले कायचं घर?" मी खेकसलो.

"हे पाय ना बाप्पा." फाइलीच्या पहिल्याच ओळीत नेमस्पेसचा, म्हणजे खालची नावं कुणाच्या मालकीची ते सांगणारा, लांबलचक पत्ता होता, त्यावर त्यानं बोट ठेवलं. "घर वरतं एकदाच लिहेल हाये, मंग खालच्या साऱ्या त्याच घरच्या. तू बिनघरची चिठ्ठी शोधून राह्यला. तशी इथं एकबी नाई. घराले तुया मनानं आखूड नाव दे, अन् त्या नावानं हाक मार."

त्यानं त्या पत्त्याला 'दा' हे नाव जोडलं, शोधात 'दा:चिठ्ठी' लिहिलं, आणि चिठ्ठ्या भडाभडा पडद्यावर आल्या. माझे तीन दिवस, त्याची पाच मिनिटं. माझा नुसता जळफळाट झाला.

तेवढ्यात साहेब आले. "कोनी केलं?"

"मी," मी म्हणालो. वर तोंडी लावायला जोडलं, "आमचा सुधाकर होता बसेल बाजूले."

काम मला मिळालं. सुधाकर डबा घेऊन आपल्या जागेवर गेला.

संध्याकाळी गाड्या काढताना मला राहवेना. "काहून नाई बोलला तू?"

तो हेल्मेटचा पट्टा ओढत राहिला. "माय वारल्यावर मी मामाजवळ वाढलो, शेंदूरजन्यात. तिथं मले वलगावचा म्हनत. सुट्टीत बापाजवळ वलगावले गेलो का शेंदूरजन्याचा. आपला कोनी म्हनलंच नाई." मग हसला. "आज तुनं साहेबाले 'आमचा सुधाकर' म्हनलं. आयकलं मी. काम राहू दे तुयाजवळ."

त्यानं किक मारली आणि तो निघून गेला. तो 'आमचा' मी त्याला साहेबांसमोर लहान करायला वापरला होता.