लेझरची रेघ का घसरते?

माझ्या नजरेतून काहीही सुटत नाही. चष्मा सापडत नसेल तेवढा वेळ सोडून. हुद्द्याने मी प्रयोगशाळेतला उपकरणं दुरुस्त करणारा, पण पिंडाने गुप्तहेर. सगळे मला ‘हेरकाका’ म्हणतात. कौतुकानेच म्हणत असावेत.

संशोधक मॅडमना सूक्ष्मदर्शकासाठी दोन लेझर पडताळायचे होते, एक जुना, एक नवा. कोणाचा उजेड स्थिर, ते आलेखावर दिसणार होतं. जुन्याची रेघ सरळ गेली. नव्याची मात्र दर वीस मिनिटांनी घसरायची. पाचला अहवाल द्यायचा होता. नवा नापास झाला तर परत जाणार, आणि मॅडमचं दोन वर्षांचं काम त्याच्याच रंगाच्या उजेडावर अडलेलं.

“काका, वीजपुरवठा बघता का जरा?” मॅडमचा आवाज रडवेला झाला होता.

“बघतो. पण यात माणसाचा हात आहे.”

वीज निर्दोष सुटली. मग माझा संशय पावलांच्या हादऱ्यांवर गेला. मी सगळ्यांना अनवाणी चालायला लावलं. रेघ घसरलीच, वर एकाच्या पायात टाचणी घुसली.

उरले मोठे सर. जुना लेझर त्यांनीच आणलेला, आणि सकाळपासून तीनदा येऊन ते कोपऱ्यात बसून गेले होते.

“सर, आपण इथे वारंवार का येता?”

“माझ्या खोलीतला एसी बंद आहे.”

मी वहीत लिहिलं : ‘बनाव. पण सफाईदार.’

चार वाजता सफाईवाल्या मावशी पोछा घेऊन आल्या. मी त्यांना अडवलं. “इथे तपासावर प्रकाशझोत टाकणं चालू आहे.”

“टाका की. पण आधी एसीचा झोत हलवा. थोड्या थोड्या वेळाने सुरू होतो आणि सरळ त्या नव्या डब्यावर येतो. तिथे पुसताना माझे खांदे आखडतात.”

मॅडम स्टुलावर चढल्या आणि त्यांनी एसीची पट्टी वर केली.

आम्ही चाळीस मिनिटं रेघेकडे बघत बसलो. ती हलली नाही. मॅडमनी मावशींचे दोन्ही हात धरले, पोछ्यासकट. पाचला अहवाल गेला आणि नवा लेझर राहिला. मी सरांची माफी मागितली. कशाबद्दल, ते त्यांना कळलं नाही.

घरी बायकोला म्हणालो, “केस सुटली.”

“कोणी सोडवली?”

“आमच्या संस्थेने,” मी म्हणालो आणि हात धुवायला गेलो.