न दिसणारं रफू

रफूवाल्या मावशींना वेबसाइटची गरज नव्हती. मात्र वेबसाइट नसल्यामुळे त्या अस्तित्वात नाहीत, ही बाब त्यांच्या सुनेच्या निदर्शनास आली होती.

"आई, फोनवर रफू शोधलं की कोपऱ्यावरचं ड्रायक्लीनिंगचं दुकान येतं. तिथे नुसती ठिगळं लावतात!"

"अगं, चाळीस वर्षं मी याच पायरीवर बसतेय."

"पायऱ्या शोधत नाही हो कुणी."

खरंच होतं. एके काळी 'कापडदुकानाची तिसरी पायरी, चष्मेवाल्या बाई' एवढा पत्ता सांगितला की गावाच्या दुसऱ्या टोकाहून माणसं यायची. आता आठवड्याला दोन गिऱ्हाइकं. महिनाअखेर गर्दी दिसली नाही, तर पायरीवर सेल्फीचा आरसा ठेवू, असं दुकानमालकाने हसतहसत बजावलं होतं.

दोघी वेबसाइटच्या नावाची शेपटी निवडायला बसल्या. डॉट कॉम सुनेला फारच चव्हाट्यावरचं वाटलं. डॉट कलासाठी किमान एक प्रदर्शन आणि एक न कळलेलं समीक्षण आवश्यक होतं. डॉट दुरुस्तीत पूल, धरणं आणि संसार यांनाच प्रवेश होता. उरलं डॉट रफू: 'केवळ पडताळणी झालेल्या अस्सल रफूगारांसाठी राखीव. केलेल्या कामाचा सुस्पष्ट फोटो जोडावा.'

वकीलसाहेबांच्या काळ्या कोटाचं जळकं कोपर मावशींनी नुकतंच भरलं होतं. फोटो गेला. तीन दिवसांनी उत्तर आलं, 'छायाचित्रात काम आढळून येत नाही. अर्ज नामंजूर.'

मावशींनी नोंदणी कक्षाला फोन लावला. "अहो साहेब, दिसत नाही म्हणजेच ते झालंय!"

"मॅडम, न दिसणारं काम केलंय असं आम्हीही म्हणू शकतो."

"म्हणताच की," सून मागून पुटपुटली.

दुसऱ्या फोटोत मावशींनी कोपराभोवती खडूने गोल काढला. उत्तर आलं, 'वर्तुळाची नोंद घेतली. आत काम नाही. खडूकामासाठी डॉट खडू हे स्वतंत्र एक्स्टेन्शन उपलब्ध आहे.' मग सुनेने आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही फोटो धाडले. 'एक कोट फाटका, एक नवा. दिशाभूल. ही अंतिम संधी.'

महिना संपायला चार दिवस उरले होते. मावशींनी स्वतःची राखाडी शाल घेतली, मधोमध कात्रीने भोक पाडलं आणि सुईत लाल लोकर ओवली. उजवा हात काही केल्या वाकडा टाका घालेना. शेवटी टाके डाव्याने घातले.

दहा मिनिटांत मंजुरी आली. 'अत्युत्कृष्ट, सुस्पष्ट रफू. हा नमुना मुखपृष्ठावर ठेवणे बंधनकारक.'

दोनच दिवसांत पायरीपासून रस्त्यापर्यंत रांग लागली. मालकाने आरशाचं नाव टाकलं आणि मावशींना गादी दिली. लोक धडधाकट कपडे घेऊन येऊ लागले. "भोक नाहीये, मावशी. तुम्हीच पाडा ना, तुमच्या हातचं!"

एका सकाळी वकीलसाहेब आले. कोटाला कसर लागली होती. जुनं गिऱ्हाईक म्हणून मावशींनी दोन दिवस खपून, धाग्याला धागा जुळवून, उजव्या हाताने रफू केलं. वकीलसाहेबांनी कोट उजेडात उलटापालटा केला.

"मावशी, कुठंय?"

"अहो, हेच तर..."

"वीस वर्षं डोळे मिटून विश्वास ठेवला हो तुमच्यावर! आता डॉट रफूवाल्या झालात, आता तरी काम करा."

मावशींनी केलेलं सगळं उसवलं, लाल लोकर काढली आणि सुई डाव्या हातात घेतली. वकीलसाहेबांनी तिथल्या तिथे पाच तारे दिले.

हसू येतंय ना तुम्हाला? येऊ द्या. पण तुमच्या कपाटातला तो आवडता कोट, ज्याला कधी काही झालंच नाही असं तुम्ही सांगत असता, तो एकदा उजेडात धरून बघा. काहीच दिसलं नाही, तर तक्रार कुठे नोंदवायची ते वेबसाइटवर दिलेलं आहे.